बळवंतभाऊंचं झाड आणि माझी पुडी

वाशीम स्टेशनावर गाडी थांबली तेव्हा माझ्याजवळ सामान असं एकच होतं: बिस्किटांचा पत्र्याचा डबा, आणि त्यात सात कागदांत गुंडाळलेली चिमूटभर पिवळी पूड. नागपूरच्या एका बागेतून ती मी बळवंतभाऊंच्या झाडासाठी आणली होती. अकोल्याला गाडी बदलताना हमालाने डब्याला हात लावला तेव्हा त्याच्यावर असा खेकसलो की त्याने डब्यात दागिने आहेत असंच समजून आदराने नमस्कार केला. खाली उतरलो तर करीम टांगेवाला समोर आला, पण नेहमीसारखा माझ्या हाताला झोंबला नाही. "कंपोंडरसाहेब गेले, बापूसाहेब. काल दुपारी नेलं. तुमची वाट पाह्यली, पण या उन्हाचं किती वेळ ठेवतीन?" अशा वेळी माणसाने काय बोलावं हे आपल्याकडे ठरलेलं आहे. मी मात्र विचारलं, "किती वाजले?" करीमला वाटलं, धक्क्याने याचं डोकं फिरलं. डोकं जागेवर होतं... ऊन चढायच्या आत झाडापाशी पोचतो की नाही, एवढंच त्यात चाललं होतं. या गोष्टीला दीड महिना झाला. त्या प्रश्नाची लाज अजून वाटते, आणि तीच वेळ पुन्हा आली तर पुन्हा तेच विचारीन हेही मला ठाऊक आहे.

बळवंतभाऊ मूळचे अनसिंगचे. घरी शेती, दोन भाऊ औताला, आणि हा तिसरा इंग्रजी चार बुकं शिकून दवाखान्यात कंपाउंडर झालेला. वाशीमला तीस वर्षं त्यांनी पुड्या बांधल्या. त्यांची पुडी अशी असे की पावसात पडली तरी आतल्या औषधाला ओल लागू नये. मी कचेरीच्या झाडाखाली बसणारा अर्जनवीस. लोकांच्या वतीने खरं-खोटं लिहून देणं हा माझा धंदा. खरं कमी पडलं तर बाकीचं मी पदरचं घालतो. अशा दोघांची दोस्ती होण्याचं काही कारण नव्हतं. ती झाली माझ्या मूर्खपणामुळे, आणि पुढेही त्याच खांबावर टिकली.

माझ्या परसात पपईची पाच झाडं होती. तिघींना फळं लागत, आणि दोन नुसती लांब देठांवर फुलांचे घोस लोंबवत उभी असत. फुकट पाणी पितात म्हणून मी ती दोन्ही कुऱ्हाडीने पाडली आणि घरात सांगितलं, आता बघा, तिघींना कसा जोर धरतो. पुढच्या बहराला सुपारीएवढी फळं धरली, पिवळी पडली आणि गळून गेली. झाडांना रोग झाला असं ठरवून मी एक फळ रुमालात बांधून दवाखान्यात गेलो. बळवंतभाऊंनी सगळं ऐकून घेतलं आणि बाकावर बसलेल्या दहा-बारा रोग्यांच्या देखत म्हणाले, "दोन्ही नवरे मारून टाकले, आन् आता बायकांले पोरं काहून होत नाई म्हणून औषध मागून राह्यला?" हगवणीने कुंथत असलेला एक म्हातारासुद्धा हसला. मी जायला निघालो तर त्यांनी हात धरून बसवलं, फळ ब्लेडने उभं चिरलं आणि आतल्या पोकळीत बियांच्या जागी नुसते पांढरे ठिपके राहिलेले दाखवले. पराग आला नाही, म्हणून बी नाही, म्हणून फळ नाही. एवढी सरळ फिर्याद मी जन्मात लिहिली नव्हती.

त्यानंतर मी त्यांच्या घरी जाऊ लागलो. गावाबाहेरच्या वाटेवर दोन खोल्या आणि मोठं अंगण. पहाटे ते भोपळ्याच्या वेलाजवळ उकिडवे बसून नर फूल मादी फुलावर टेकवत असायचे, आणि पाण्याला जाणाऱ्या बाया विचारायच्या, "कंपोंडरभाऊ, मुहूर्त टळला तं नाई ना?" ते मान वर न करता अक्षता आणल्या का म्हणून विचारायचे. एका जागी त्यांना बसवत नसे. बोलता बोलता उठायचे, कशाचं तरी पान तोडून आणायचे, ते दवाखान्यातून मोडीत निघालेल्या पितळी सूक्ष्मदर्शकाखाली सरकवायचे, माझं डोकं धरून त्यावर दाबायचे आणि मी काही बघायच्या आत ते पान काढून दुसरं घालायचे. गावात त्या यंत्राला दुर्बीण म्हणत, आणि कंपाउंडर तिच्यातून रोग्याचं मरण पाहतो अशी बोलवा होती.

अंगणाच्या मध्ये ते झाड होतं. बदलून गेलेल्या एका डॉक्टरने कुंडीसकट मागे टाकलेलं. कमरेएवढं जाड खोड, वर काळ्याहिरव्या टोकदार पानांचा झाप. लोक त्याला कंपोंडरची शिंदी म्हणत, आणि ताडी कधी काढणार असं विचारून जात. बळवंतभाऊ त्याला सायकस म्हणत. त्यांनी कुठून तरी जुनं पुस्तक मिळवलं होतं आणि त्यावरून त्यांची खात्री झाली होती की फूल नावाची वस्तू जगात यायच्या आधीपासून हे घराणं बी धरत आलं आहे. मला त्यांनी समजावलं ते असं: आंब्याचं बी कोयीत, वाटाण्याचं शेंगेत, पपईचं गरात, सगळ्यांनी आपापली पोरं घरात झाकून ठेवली. "याचं बी उघडं रे बापू. पानाच्या कडेले बसलेलं, जसा शेताच्या धुऱ्यावर माणूस बसते तसं. घर नाई, दार नाई." वाण्याकडे मिळणारा चिलगोजा याच्याच भावकीतला, हे ऐकल्यावर मी आठ दिवस चिलगोजा खाताना उगाच गंभीर होत होतो.

पण खरा चटका वेगळाच होता. बळवंतभाऊ सांगत, या बीच्या टोकाशी पाण्याचा एक थेंब येतो. पराग त्यावर पडला की थेंब आत ओढला जातो, आणि पराग तिथे चार-पाच महिने बसून राहतो, मुळं घातल्यासारखा. मग एक दिवस त्यातून दोन जीव सुटतात आणि बीच्या आत साचलेल्या पाण्यात पोहत जातात. झाडाचं बीज, आणि पोहतं! पपईनं पोहणं सोडलं, चिलगोज्यानं सोडलं. यानं नाही सोडलं. तो जीव एवढा मोठा असतो म्हणे की नजर चांगली असेल तर नुसत्या डोळ्याला ठिपका दिसावा. "मले तो पोहताना पाह्यचा आहे," ते म्हणत. "आन् मंग एक रोप. बस." खोडाच्या बुडाशी पिल्लं फुटत, ती लावा की, असं मी सुचवलं, तर वैतागले. पिल्लू म्हणजे तेच झाड पुन्हा. त्यात नवं काय? अडचण एकच होती. त्यांचं झाड मादी होतं, आणि नर झाड, त्यांना माहीत होतं तेवढ्यात, नागपूरच्या त्या बागेत.

तीन वर्षांपूर्वी, ज्येष्ठात, त्या झाडाच्या माथ्यावर पहिल्यांदा बदामी मखमलीसारखी पंजाच्या आकाराची पानं उमलू लागली, आणि प्रत्येकाच्या कडेला हिरव्या मण्यांसारखी उघडी बीजं. बळवंतभाऊंना दवाखाना सोडता येईना. ते निवृत्त व्हायला अजून वर्ष होतं. मला एका पक्षकाराच्या कामाने नागपूरला जायचंच होतं. त्यांनी स्वतः घड्या घालून दिलेले कागद घेऊन मी गेलो, बागेच्या माळ्याला गाठलं, आणि हातभर उंच नर कणसाखाली कागद धरून त्याने टिचक्या मारल्या तशी पिवळी पूड भुरभुर पडली. माळी म्हणाला, कणीस असं आपसूक उघडलं की मगच ही पूड कामाची, त्याआधी नुसता भुसा. हे वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलं होतं.

परत आलो तो दिवस माझ्या धाकट्या भावाच्या लग्नानंतरचा. घर पाहुण्यांनी भरलेलं, सुनेच्या पायगुणाने खंडोबाची तळी भरायची म्हणून सकाळपासून गडबड. पुडी कुठे ठेवावी? खिशात ठेवली तर अंघोळीत जाईल, कोनाड्यात ठेवली तर पोरं उलगडतील. मग मला या घरातली अशी एकच जागा सुचली जिथे अंघोळ केल्याशिवाय कुणी हात घालत नाही. मी ती पुडी देवघरात, देवांच्या टाकांच्या शेजारी ठेवली, स्वतःच्या अकलेवर खूश झालो, आणि न्हाणीघराकडे गेलो.

अंगावर पाणी घेत असतानाच येळकोट येळकोट ऐकू आलं. ओल्या अंगाने बाहेर आलो तर तळी उचलून झाली होती आणि सगळी कपाळं पिवळी. भंडारा कमी पडला म्हणून रिसोडच्या काकूने देवापुढची पुडी ताटात ओतली होती. मी काय बोललो ते आठवत नाही, पण काकू शांतपणे म्हणाली, "देवाजवळची पुडी देवाचीच ना रे? आन् हा भंडारा कुठला? काई भलताच वास येऊन राह्यला याले." खोबऱ्याच्या वाटीत, ताटाच्या कडेला, नवरीच्या शालूवर, सगळीकडे हळदीत कालवलेला पराग. मी भंडारा सांडू नये अशी भक्ती अंगात आल्यासारखं दाखवून ताट पोस्टकार्डाने खरवडलं. मामांच्या कपाळावर बराच होता. घाम पुसतो म्हणून मी रुमालाने त्यांचं कपाळ पुसलं आणि आडोशाला जाऊन तो रुमाल कागदावर झटकला. मामा आजतागायत सांगतात की भाचा असावा तर असा.

एवढं करूनही घामाने ओला, हळदीत मिसळलेला पराग पुडीत अर्धाही भरेना. मग मी जे केलं ते अर्जनवीस करतो तेच. कमी पडलं ते डब्यातल्या हळदीने पुरं केलं.

बळवंतभाऊंनी पुडी उघडली आणि रंग जरा गडद वाटतो म्हणाले. यंदा नागपुरात ऊन फार, असं मी सांगितलं. एरवी मुंगीची विष्ठासुद्धा सूक्ष्मदर्शकाखाली घालणारा माणूस, पण त्या सकाळी बीजांच्या टोकांशी थेंब आलेले होते आणि ते वाळतील या घाईत त्यांनी घशात औषध फुंकायची काचेची नळी घेतली, पूड भरली, आणि एकेका पंजाशी वाकून ती हळदच फुंकली, श्वास आवरून. उरलेली पूड मी मदतीच्या आवेशात विहिरीकडे झटकून टाकली. पुरावा नष्ट करण्याचं कलम मला पाठ आहे.

पुढे बिया फुगल्या. लिंबाएवढ्या झाल्या, शेंदरी झाल्या. मला वाटलं, देव आहे. बळवंतभाऊ रोज मोजत, आपल्या बायकोला, म्हणजे आमच्या वैनीला, ओढून आणत, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत. कार्तिकात त्यांनी पहिली बी चिरली, मग दुसरी, मग एकामागून एक सात. आत पोकळ, सुरकुतलेलं. पराग न मिळतासुद्धा या बिया रंगरूपाने भरतात, हे त्यांना पुस्तकात नंतर सापडलं. उरलेल्या बिया वाळूत लावल्या. एकही उगवली नाही. सूक्ष्मदर्शकावरून मान वर करून ते मला म्हणाले, "माझा हात जड पडला असंल." मी म्हणालो, असेल... दुसरं काय म्हणणार? त्यांनी वहीत लिहून ठेवलं: "पराग वाळून मेलेला होता. पराग घ्यायला उशीर, फुंकताना माझा हात जड. पुढच्या वेळी कणीस उघडण्याआधीच तोडणे." मी शेजारी बसून वाचलं. खोटं माझं, आणि शिक्षा त्यांनी स्वतःच्या हाताला दिली. शिवाय ती वही एका कॉलेजातल्या मास्तरांना पाठवायची, म्हणजे पुढे कुणी झाड लावलं तर त्याच्या उपयोगी पडेल, असंही त्यांच्या मनात होतं.

तीन वर्षं मी तिथे जात राहिलो. गप्पांत कधी हळद निघाली की पाणी प्यायला उठायचो. सांगायचं ठरवून दहा वेळा गेलो असेन. एकदा तर घरून वाक्य लिहून नेलं होतं. पण बळवंतभाऊ काही तरी दाखवायला लागायचे, माझं डोकं धरून यंत्रावर दाबायचे, आणि त्या अवस्थेत माणसाला कबुली सुचत नाही. निदान मी तरी स्वतःची अशी समजूत घातली.

यंदा वैशाखात त्यांच्या पायांना सूज आली, ती पोटावर चढली. आडवं झालं की श्वास लागे, म्हणून लोडाला टेकून बसून असत. चालता येत नव्हतं तेव्हाही दर पंधरा मिनिटांनी वैनीला खाट फिरवायला लावत, झाड दिसेल अशी. आणि झाड पुन्हा माथा फुगवू लागलं होतं. मला बोलावणं आलं. गेलो तर त्यांनी नागपूरला जायला सांगितलं आणि बजावलं, यंदा कणीस बंद असतानाच तोडून आण, उघडू देऊ नको.

मला माळ्याचं वाक्य आठवलं. बंद कणीस म्हणजे भुसा. माझ्या एका खोट्यावरून या माणसाने शोध लावला होता, आणि त्या शोधापायी त्यांची ही दुसरी खेप, बहुधा शेवटची, वाया जाणार होती. वकिली डोकं लगेच चाललं: उघडलेल्या कणसाचा पराग आणावा आणि बंद कणसाचा म्हणून द्यावा. झाडाचं काम होईल, कुणाला कळणार नाही. मी तसंच ठरवून होय म्हणालो. एवढ्यावर ते थांबले असते तर मी आजही साळसूद असतो.

पण ते म्हणाले, "मागल्या खेपेले तू एवढा जाऊन आणलं, आन् म्या नास केला. मनात नको ठेवू बापू. माफ कर."

मी उठून उभा राहिलो. खाली बसलो. मग पुन्हा उभा राहिलो. "बळवंतभाऊ," मी म्हणालो, "ते पराग नव्हते. हळद होती."

वैनी दारात दळण निवडत होती, तिचे हात थांबले. बळवंतभाऊ लोडावरून पुढे झाले.

"सगळी?"

"पाऊण हिस्सा."

"आन् पाव?"

"पाव खरा होता. त्यातला थोडा मामांच्या कपाळावरचा." मग काकू, देवघर, रुमाल, विहीर, सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ते हसतील. ही गोष्ट दुसऱ्या कुणाची असती तर ते दमा लागेपर्यंत हसले असते. ते हसले नाहीत. "तीन वर्षं," ते म्हणाले, "मी या हाताले शिव्या देऊन राह्यलो." आणि स्वतःचा सुजलेला उजवा हात उलटसुलट करून पाहिला, दुसऱ्याचा असल्यासारखा.

त्यांनी वैनीकडून वही मागवली. आपल्या हाताने ते जुनं वाक्य खोडलं, आणि वही माझ्याकडे सरकवली. लिही म्हणाले. मी लिहिलं: पुडीत पाऊण हळद होती; हा दोष आणणाऱ्याचा. त्यांनी सही करायला लावली. हजारो अर्ज लिहिले, पण स्वतःच्या विरुद्ध लिहिलेला हा एकच. मग मी पायांना हात लावायला वाकलो तर त्यांनी पाय आखडून घेतले. "माफीचं मंग पाहू. आधी गाडी पाह्य. कणीस उघडलं असंल."

मी त्याच दुपारच्या गाडीने निघालो. चौथ्या दिवशी परत आलो, तो करीम समोर.

त्यांच्या घरी पोचलो तेव्हा ओसरीवर भावकीतली माणसं बसलेली, दिवा लावलेला. मी डबा छातीशी धरून दारात उभा. सुतकाच्या घरात हे काय घेऊन आलो, असं एक-दोघांच्या चेहऱ्यावर दिसलं. वैनी आतून आली. डोळे सुजलेले, पण आवाज कोरडा. "इथं कायले उभे राह्यले, भाऊजी? थेंब आला आहे सकाळधरून. जा." काचेची नळी तिने पदराने पुसून दिली. पहिली फुंकर माझ्याच मिशांवर आली. ओसरीवरचे लोक माना वळवून पाहत होते: कंपाउंडर काल गेला आणि त्याचा दोस्त शिंदीच्या झाडाला फुंकर घालतोय. मी प्रत्येक पंजाशी वाकलो. एकही सोडला नाही. खरा पराग, पिवळा, हळदीचा कण नसलेला.

आता श्रावण लागला आहे. बिया फुगत आहेत, आणि त्याला काही अर्थ नाही. त्या मागेही फुगल्या होत्या. काम झालं की नाही ते कार्तिकात चिरल्याशिवाय कळणार नाही, आणि चिरायचं मी आहे, कारण दुसरं कुणी नाही. पोहणारा जीव आत असला तर तो घटकाभराचा, आणि तो पाहायला यंत्रातून पाहता आलं पाहिजे. ते मला कधी आलं नाही. इतकी वर्षं माझं डोकं धरणारा दुसराच होता.

म्हणून मी रोज कचेरी सुटली की तिकडे ते शिकायला जातो. वैनीने खिडकीशी यंत्रापुढे स्टूल मांडून ठेवलेलं असतं, यंत्राच्या काचेवर कांद्याचा पापुद्रा घातलेला. मी एक डोळा मिटतो, चाक फिरवतो, आरसा हलवतो, पुन्हा चाक. वैनी भाकरी थापता थापता विचारते, "दिसलं का काई?"

"माझीच पापणी," मी म्हणतो.

"मंग उद्या या."